उरलंसुरलं अजून कोण वापरतं

पंत,

तुम्ही मला आयुष्यात एकदाच 'गं' म्हणालात. एरवी मी तुमच्यासाठी कायम 'अहो नागपूरकर'. मी आर्वीची, वर्धा जिल्ह्यातली, नागपूरला माझं फक्त कॉलेज झालं, हे पहिल्याच आठवड्यात तुम्हाला सांगून पाहिलं होतं. "भिगवणच्या पलीकडे सगळं नागपूरच," म्हणालात आणि विषय संपला. वयाने मी तुमच्या मुलीएवढी, हुद्द्याने खालची, तरी तुमचं 'अहो' काही सुटलं नाही. त्या 'अहो'त मान किती आणि टोमणा किती, हे मला इतक्या वर्षांत मोजता आलं नाही. आणि मोजणं हेच तर माझं काम होतं.

मग त्या दिवशी दवाखान्यात, वहिनी खाली औषधं आणायला गेल्या असताना, तुम्ही खिडकीकडे बघत विचारलंत, "कुणी वापरतं का गं ते अजून?"

'ते' म्हणजे काय, हे मला विचारावं लागलं नाही. तुमची लायब्ररी. मी म्हटलं, "मोजून सांगतो, पंत."

'सांगतो.' आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली, तरी मन भरून आलं की तोंडातून आर्वीच बाहेर येते. तुम्ही ते कधी सोडलं नव्हतं. "येतो नव्हे, येते. स्त्रीलिंग पुण्यात अजून शिल्लक आहे," असं भर मीटिंगमध्ये ऐकवायचात. त्या दिवशी मात्र दुरुस्त केलं नाहीत. नुसती मान हलवलीत.

'हो, वापरतात की' असं म्हणता आलं असतं. दुसरं कुणी असतं तर मी म्हटलंही असतं. पण अंदाजाने दिलेलं उत्तर तुम्हाला चालत नसे. अंदाज सांगणाऱ्याला तुम्ही 'ज्योतिषी' म्हणायचात. म्हणून मी मोजते म्हटलं. आणि मी मोजायला बसायच्या आत तुम्ही गेलात. उत्तर माझ्याकडे राहिलं. ते देण्यासाठी हे लिहिते आहे.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते. मध्ये टोकायला तुम्ही नाही, तर निदान एकदा तरी माझं बोलणं सलग होऊ दे.

नव्वदच्या दशकात आपली कंपनी प्रभात रोडच्या एका गल्लीत, बंगल्यात होती. जेवणाच्या खोलीत सर्व्हर, ओट्यावर प्रिंटर. देशाची दारं उघडली, परदेशची कामं येणार, असं जो तो म्हणत होता, आणि ती खरंच आमच्या त्या ओट्यापर्यंत आली. तुम्ही पिंपरीच्या एका कारखान्यातली कॉम्प्युटर विभागातली पक्की नोकरी सोडून आला होतात. पन्नाशीला टेकलेला, बुशशर्टच्या खिशात दोन पेनं असलेला, स्कूटर स्टँडला लावून ती हलत नाही ना हे बघणारा माणूस. आणि आजूबाजूला आम्ही पंचविशीतले. तुमचं नाव श्रीधर, पण 'पंत' कुणी ठेवलं ते आठवत नाही. शोभायचं एवढं खरं.

तुमच्याकडे लायब्ररी होती. शनिवार पेठेत शेजाऱ्यांनी ते ऐकलं आणि दिवाळी अंक मागायला आले, ही गोष्ट तुम्ही गंभीर चेहऱ्याने सांगायचात. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. प्रोग्राम लिहिताना काही कामं पुन्हा पुन्हा लागतात: तारीख तपासा, रकाने आखा, पानं छापा. ती एकदाच नीट लिहून ठेवायची, म्हणजे दुसऱ्याने उचलावीत आणि आपल्या प्रोग्रामला जोडावीत. अशा एकेका कामाच्या गठ्ठ्याला क्लास म्हणतात, आणि या सगळ्या पद्धतीला ऑब्जेक्ट ओरिएंटेड. "म्हणजे वस्तुनिष्ठ," असं तुम्ही भाषांतर केलं होतंत. "निदान प्रोग्राम तरी झाले. माणसांचं बघू."

तुमचा सगळ्यांत लाडका क्लास छपाईचा. आणि त्यात एक काम होतं, ज्याचं नाव तुम्ही इंग्रजी अक्षरांत पण मराठीत ठेवलं होतंत: उरलंसुरलं. पानावर जे मावत नाही ते गोळा करून पुढच्या पानाला द्यायचं, एवढंच त्याचं काम. एखादी अर्धी ओळ, लांबलचक आडनावाचं शेपूट, तळाशी अडकलेली एक बेरीज. बाकी सगळी नावं रीतसर इंग्रजी, आणि मध्येच हे.

आपलं पहिलं भांडण त्यावरूनच झालं.

परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, तुमच्या लायब्ररीतला माल दुसऱ्या कामात किती पुन्हा वापरता येईल, आकडा द्या. आकडा कुणाकडेच नव्हता. मोठ्या साहेबांनी तो काढायचं काम माझ्यावर टाकलं, कारण मी नवी होते आणि नाही म्हणायला शिकले नव्हते. मी वाचून, विचारून एक पद्धत बसवली. क्लास केवढा मोठा आहे, तो किती दुसऱ्या क्लासांवर विसंबून आहे, त्याच्या वर वारसा देणाऱ्या किती पिढ्या आहेत, त्याचं वर्णन लिहिलेलं आहे का, नावं परक्याला कळतील अशी आहेत का. प्रत्येकाला गुण. बेरीज शंभर.

"शंभरपैकी?" तुम्ही विचारलंत. "नापास झाला तर ऑक्टोबरला बसता येतं ना?"

पहिला आला तो एक चिमुकला क्लास, एक मोजमाप दुसऱ्यात बदलून देणारा. कुणावर विसंबून नाही, वर पिढ्या नाहीत, सगळं स्वच्छ. ब्याण्णव गुण. मी फार खुशीत तुम्हाला दाखवायला आणला. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "हा कोण वापरतं?"

बघून आले. कुणीच नाही.

"अहो, हा सोवळ्यातला आहे. तो कुणाला शिवत नाही, त्यालाही कुणी शिवत नाही. देव्हाऱ्यात ठेवा."

आणि तुमच्या छपाईला पडले एकेचाळीस. त्यातले बरेच त्या नावापायी गेले होते. मी म्हटलं, हे नाव बदला, 'रिमेंडर' करा, गिऱ्हाईक गोरं आहे. तुम्ही म्हणालात, "रिमेंडर म्हटलं की वीजबिल भरायचं राहिलंय असं वाटतं. उरलंसुरलं म्हटलं की कुणीतरी ते फेकणार नाही, झाकून ठेवेल, असं वाटतं. तेच तर करतं ते." मी म्हटलं, "नाव परक्याला कळलं पाहिजे." तुम्ही म्हणालात, "परका शिकेल. मी नाही का 'व्हर्च्युअल' शिकलो?" मी चिडून विचारलं, "काऊन एवढं अडता एका नावासाठी?" तर 'काऊन' शब्दावर पाच मिनिटं गेली. शेवटी "पस्तीसला पास असतात ना? मग झालो पास," म्हणून तुम्ही चहाला निघून गेलात. नाव तसंच राहिलं. त्या भांडणात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही, हे इथे नोंदवून ठेवते. तुमचं चुकलं असंही म्हणवत नाही.

मग कंपनी येरवड्याला नव्या काचेच्या इमारतीत गेली. तुम्ही पेठेत सांगत फिरलात, "सध्या येरवड्याला असतो. संध्याकाळी सोडतात. रविवारी पॅरोल." पण तिथे गेल्यावर थट्टा कमी झाली. जागेचं भाडं मोठं होतं आणि साहेबांना प्रत्येक टेबलाचा उपयोग बघायचा होता. त्यांनी मला सांगितलं, गुण पुरे झाले, आता खरा वापर मोज. किती प्रोग्रामांना लायब्ररी जोडली आहे? मी मोजलं. दोन. एवढ्या सगळ्या कामांत फक्त दोन. साहेब म्हणाले, मग लायब्ररीचं काम बंद करू आणि पंतांना माहितीपत्रकं लिहायला देऊ. ज्या माणसाने पक्की नोकरी सोडून आयुष्याच्या उतरणीला हे एक काम हौसेने उभं केलं, त्याच्याकडे आता माहितीपत्रकं.

हे तुम्हाला मीच येऊन सांगितलं. तुम्ही फक्त म्हणालात, "मोजलंत नीट ना? मग झालं." आणि टेबलावरची पाटी फडक्याने पुसत बसलात.

ती पाटी. "आधी वाचावे. वाचून कळले नाही तर पुन्हा वाचावे. तरीही न कळल्यास दोष वाचणाऱ्याचा समजावा."

त्याच आठवड्यात लोणी काळभोरहून फोन आला. तिथल्या एका कॉलेजात गुणपत्रिका छापायचा प्रोग्राम आपल्याकडच्या कुणीतरी करून दिला होता. करणारा नोकरी सोडून परदेशी गेलेला, म्हणून फोन फिरत फिरत माझ्याकडे. तिकडून कॉलेजचे कारकून शितोळे बोलत होते. "म्याडम, काय नाय, त्ये उरलंसुरलं हाय ना, त्ये सारखं येतंय बगा स्क्रीनवर. कागद बदलून बदलून दमलो."

मी उडालेच. लोणीचं काम माझ्या दोनांच्या यादीत नव्हतं.

आपण दोघं दुसऱ्या दिवशी सोलापूर रस्त्याला लागलो, कंपनीच्या जीपमध्ये. हडपसर मागे पडलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आलं तुमचं नागपूर." कॉलेजच्या ऑफिसात शितोळ्यांनी चहा सांगितला आणि आपल्याला सगळं करून दाखवलं. गुणपत्रिका छापताना शेवटच्या पानाशी प्रिंटर थांबायचा आणि पडद्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत यायचं: उरलंसुरलं. ते वाचलं की शितोळे उठायचे, प्रिंटरमधला उरलासुरला कागद काढून टाकायचे, नवा गठ्ठा लावायचे आणि बटण दाबायचे. की पुढे चालू.

"सांगतंय ना त्ये, उरलंसुरलं हाय म्हणून," शितोळे म्हणाले. "लई हुशार प्रोग्राम हाय. मराठीत सांगतो. पर कागद लई जातो."

कोपऱ्यात छिद्रांच्या पट्ट्या असलेला कोरा कागद कमरेएवढा साठला होता.

खरं तर कागदाचा काही संबंध नव्हता. शेवटच्या पानानंतर पुढचं पान नसलं की मागे राहिलेल्या ओळीला जायला जागा नसे आणि काम तिथे अडे. कुठलंही बटण दाबलं की सुटे. ही चूक तुम्ही लायब्ररीत केव्हाच दुरुस्त केली होती. पण लोणीच्या प्रोग्रामला लायब्ररी जोडलेलीच नव्हती. करणाऱ्याने त्याआधी तुमचं लिखाण जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं, चुकीसकट, नावासकट. तूर्त कागद न बदलता नुसतं बटण दाबा, असं शितोळ्यांना सांगून आपण निघालो. परत येताना तुम्ही जीपमध्ये हसायला लागलात. "लई हुशार प्रोग्राम हाय," असं म्हणत डोळे पुसत होतात. तुम्हाला तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

मी मात्र वहीत तो शब्द लिहून घेत होते. मला धागा सापडला होता. तुमचं ते हट्टी नाव दुसरं कुणी ठेवणं शक्यच नव्हतं. येरवड्याला पोचल्यावर मी कंपनीच्या सगळ्या कामांत तो एक शब्द शोधायला लावला. पडदा भरून वाहू लागला. औषधांच्या बाटल्यांची लेबलं, कामगारांची हजेरी, एका गोऱ्याच्या गोदामाच्या याद्या. जिथे म्हणून काही छापलं जात होतं तिथे उरलंसुरलं होतं. मी ज्या नावाचे गुण कापले, त्याच नावाने माझं मोजमाप वाचवलं.

आणि तुम्हाला आनंद झाला नाही. यावरून आपलं दुसरं भांडण झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही.

"हे मोजू नका," म्हणालात. "ही नक्कल आहे. वापर नव्हे."

"वापरतात ना पण?"

"नेलं आणि विसरले. मी इकडे चूक सुधारली तर ती लोणीला पोचली का? वापर म्हणजे काहीतरी धागा राहिला पाहिजे, नागपूरकर. माझ्याकडून सुधारलं तर त्यांच्याकडे सुधारलं पाहिजे."

मी म्हटलं, "आमच्याकडे विरजण मागून नेतात. परत कुणी आणून देत नाही. म्हणून काय ते दही तुमच्या घरचं नाही?"

"आणि बिघडलं तर?"

"तर पुन्हा तुमच्याचकडे येतात वाटी घेऊन."

"आले का?" तुम्ही विचारलंत. "माझ्याकडे कोण आलं?"

याचं उत्तर मला येत होतं. मी आजूबाजूच्या टेबलांवर विचारून आले होते. लायब्ररी जोडायची असेल तर तिची मांडणी तुमच्याकडून समजून घ्यावी लागे, आणि तुमच्याकडे यायला पोरं भीत होती. ती पाटी वाचून परत फिरायची. तुम्ही जेवायला गेलात की तुमच्या लिखाणातून हवं ते उतरवून घ्यायची. मी माझ्या पद्धतीत क्लास किती क्लासांवर विसंबून आहे ते मोजलं होतं. तो एका माणसावर विसंबून आहे हे मोजायला माझ्याकडे रकाना नव्हता.

मी ते तुम्हाला तसंच सांगितलं. "पंत, तुमची लायब्ररी जोडायला सोपी आहे. अवघड तुम्ही आहात."

डबा उचललात आणि घरी गेलात. मला रात्रभर वाटत राहिलं की गेलं, आता हा माणूस आपल्याशी बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर नवी पाटी होती. त्याच वळणदार अक्षरात, एकच शब्द: "विचारा." आणि खाली अगदी बारीक: "वाचून आलात तर आनंद वाटेल."

पंत, त्या पाटीएवढं मोठं मन मी नंतर कुठे पाहिलं नाही. साहेबांना मी दोन्ही आकडे दिले, वापराचा आणि नकलेचा, आणि नक्कल का झाली तेही. फक्त कारणात 'मांडणी समजावण्याची सोय नव्हती' असं लिहिलं. साहेबांनी वर्षभर थांबायचं कबूल केलं. माहितीपत्रकं टळली. पोरं बिचकत बिचकत यायला लागली. "आज तीन गाढवं आली," असं तुम्ही संध्याकाळी सांगायचात, आणि तुमच्या आवाजात घरी पाहुणे येऊन गेल्याचा सुखी थकवा असायचा. पुढच्या मोजणीत तुमचा आकडा कुठल्या कुठे गेला. तुम्ही विचारलंत, "नकला धरल्यात का?" मी नाही म्हटलं. "मग ठीक."

पुढचं सगळ्यांचं झालं तेच झालं. नवी भाषा आली, कंपनी विकली गेली, नव्या मालकांनी जुनी लायब्ररी गुंडाळली. तुम्ही निवृत्त झालात, मी हिंजवडीला गेले. आधी दर महिन्याला फोन, मग दिवाळीला, मग गेली काही वर्षं तोही नाही.

तुम्ही गेल्यावर भेटायला घरी गेले तेव्हा वहिनींनी पिठलंभात खायला बसवलं. दुःखाच्या घरचं नाही म्हणू नये, म्हणून बसले. तुमच्या प्रश्नाचं त्यांना सांगितलं. त्या हसल्या. "अगं वैशाली, त्या लोणीवाल्यांचा फोन यायचा ना निकालाच्या दिवसांत. जेवता जेवता उठायचे. रिटायर झाल्यावरसुद्धा. एकदा तर बसने गेले होते, भर उन्हात. मग फोन यायचा बंद झाला. दर मे महिन्यात वाट बघायचे. म्हणायचे, कॉम्प्युटर बदलला असेल त्यांनी, आता कशाला लागतंय आपलं."

हे मला माहीत नव्हतं. तुम्ही लोणीला पुन्हा गेला होतात, एकटे, बसने, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी लोणीला फोन लावला. शितोळे निवृत्तीला आलेत, पण आहेत. तुमचं नाव काढल्यावर आधी तुम्ही गेल्याचं त्यांना सांगावं लागलं. मग मी विचारलं, "शितोळे, ते छपाईचं अजून चालतं का?"

"चालतंय की. नवीन समदं ऑनलाइन झालंय, पर जुनी पोरं येत्यात, गुणपत्रिका हरवली, दुसरी द्या. ती ह्याच्यावरच निघती. परवाच एक काढून दिली."

"अडकत नाही?"

"न्हाय. सरांनी येऊन जुनं काढलं, त्यांचं आणल्यालं नीट बसवलं. म्हणाले, आता उतरवलेलं न्हाय, जोडलेलं हाय. मला काय कळलं न्हाय, पर तवापासून येकदा बी थांबलं न्हाय."

"मग फोन का नाही केलात त्यांना कधी?"

"चालतंय तर कशापायी करू, म्याडम? उगा म्हाताऱ्या माणसाला तरास."

मी फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन रडले.

तुम्ही दर मे महिन्यात फोनची वाट बघत होतात, आणि तो येत नव्हता कारण तुम्ही ते नीट करून ठेवलं होतंत. पंत, मीही शितोळ्यांसारखंच केलं. माझ्या टेबलावर 'विचारा' अशी पाटी आहे. माझ्याकडची बंगाली, तमीळ पोरं तो शब्द बघून विचारायला येतात. कुणी काही नवं लिहून आणलं की मी पहिल्यांदा विचारते, तू नसशील तेव्हा हे परक्याला वापरता येईल का? हे वाक्य माझं नाही, तुमच्याकडून आलेलं आहे. ते उतरवून घेतलेलं की जोडलेलं, यावर आपण भांडलो असतो. पण कुठेही अडलं नाही म्हणून तुम्हाला फोन केला नाही. तुम्ही मात्र तिकडे वाट बघत असाल, हे माझ्या मनात आलं नाही. त्या दिवशी तुम्ही 'गं' म्हणून जे विचारलंत ते सगळं छपाईबद्दलच होतं का, हे आता कुणाला विचारू?

तर उत्तर. दोन्ही आकडे देते, तुमची खोड माहीत आहे म्हणून. नकला किती उरल्या ते कळायला मार्ग नाही. त्या कंपनीचं काही जागेवर राहिलेलं नाही. त्या मी धरलेल्या नाहीत. नीट जोडलेली, तुमच्याच व्याख्येत बसणारी, परवा वापरलेली: लोणीला एक. आणि दुसरी इथे, हिंजवडीला, माझ्या टेबलावर, रोज.

वापरतात, पंत. मोजून सांगतो.